द्राक्षरसाचा पंचनामा

मद्यपानाविषयी महाराष्ट्राची भूमिका पूर्वापार अशी आहे की, त्याचा विषय निघाल्यास एकतर निषेध करावा, नाहीतर नाटक लिहावे. गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहून ही दोन्ही कामे एकदमच उरकली, आणि तेव्हापासून आमच्या सुशिक्षित समाजाच्या मनात पेला म्हटला की सुधाकराचा अधःपात, सिंधूचे हाल आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ ही तीन चित्रे अशी काही ठसून बसली की, पेल्यातील पदार्थ तांबडा आहे की पांढरा, थंड आहे की कोमट, आणि त्याबरोबर खावयास काय आहे, हे विचारण्याची फुरसत कोणासही झाली नाही. त्या मंडळात नाना तऱ्हेची माणसे जमत. परंतु पेला उजेडात धरून, डोळे किलकिले करून, 'याला किंचित ओल्या मातीचा गंध आहे' असे म्हणणारा एकही सभासद गडकऱ्यांना सुचला नाही. तो सुचला असता, तर त्या शोकान्तिकेचे प्रहसन होण्यास फारसा विलंब लागला नसता.

हा सुचावयाचा राहिलेला सभासद अलीकडे नाशिक जिल्ह्यात विपुल प्रमाणात आढळू लागला आहे. १९८० च्या दशकात नारायणगावी शँपेनच्या फ्रेंच पद्धतीने फसफसती वाइन तयार होऊन ती 'ओमर खय्याम' या नावाने विलायतेस रवाना होऊ लागली, तेव्हा जुन्नर तालुक्यातील मालाने इराणी कवीचे नाव घेऊन, फ्रेंच वेष करून, इंग्रजांच्या मेजावर जावे यात कोणास काही वावगे वाटले नाही. पुढे गंगापूर धरणाच्या परिसरात वेली लागल्या, २००० साली तेथील पहिली बाटली बाजारात आली, २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, आणि यथावकाश 'नाशिक व्हॅली' या नावाला भौगोलिक मानांकनाची सनदही मिळाली. ज्यांना हा सारा प्रकार परकीय व नवा वाटतो, त्यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण वाचावे. द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्याला त्याच्या उत्पत्तिस्थानावरून कापिशायन आणि हारहूरक अशी नावे असल्याची नोंद तेथे आहे. म्हणजे मानांकनाचा अर्ज दोन हजार वर्षांपूर्वीच दाखल झालेला होता. निकाल तेवढा सरकारी शिरस्त्याप्रमाणे सावकाश लागला.

ज्या द्राक्षांची ही वाइन होते, ती पाहून नाशिकच्या बागायतदाराची मात्र प्रथमदर्शनी घोर निराशा होते. त्याच्या आयुष्याची सारी तपश्चर्या टपोऱ्या मण्यासाठी असते. एप्रिलात खरड छाटणी करावी, ऑक्टोबरात गोड्या बहाराची छाटणी करावी, घड विरळावेत, मणी लांबावा म्हणून ते जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवावेत, रात्री थंडी वाढली की बागेत शेकोट्या पेटवून जागावे, आणि हे सर्व कशासाठी, तर मणी मोठा, साल पातळ आणि पोटात बी नाही, असे द्राक्ष परदेशच्या बाजारात मानाने जावे म्हणून. वाइनचे द्राक्ष या प्रत्येक आदर्शाचा बिनदिक्कत भंग करते; त्याचा मणी बारीक, साल जाड आणि पोटात बिया. पण वाइनचा सगळा संसार त्या सालीवरच उभा असतो. काळ्या द्राक्षाचादेखील रस बहुधा बिनरंगीच निघतो. तो सालींसकट आंबविला म्हणजे त्यांचा रंग आणि तुरटपणा त्यात उतरून तांबडी वाइन होते, आणि साली आधीच दूर केल्या म्हणजे पांढरी. फ्रान्सात काळ्या द्राक्षांपासून पांढरी शँपेन काढतात ती याच युक्तीने. तांबड्या-पांढऱ्यांतला हा भेद पुष्कळअंशी जन्माचा नसून संगतीचा ठरतो, ही गोष्ट आपल्या समाजात इतरत्रही लागू करून पाहावी असे सुचविण्याचा मोह मी येथे आवरतो.

कायद्याची दृष्टी या बाबतीत अधिकच उदार आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा अंमल आजही महाराष्ट्रावर आहे, आणि त्याअन्वये मद्यप्राशन करणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, तहहयातही मिळतो. आणि त्याचे लेखी प्रयोजन आरोग्याचे जतन हे असते. शनिवारी रात्री आपापल्या आरोग्याचे जतन करण्यासाठी जमलेल्या तरुण मंडळींची दाटी पाहिली, म्हणजे रयतेच्या प्रकृतीविषयी सरकारला वाटणारी चिंता अगदीच अनाठायी नव्हती याची खातरजमा होते. आरोग्याच्या कारणास्तव घेतलेल्या द्राक्षरसाला आमच्या घरांतून पूर्वीही मज्जाव नव्हता. फडताळात द्राक्षासवाची बाटली असे, जेवणानंतर आजी त्यातले दोन चमचे नेमाने घेत, आणि आसवात आंबण्याच्या क्रियेने मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो ही माहिती लेबलावर बारीक टाइपात छापलेली असे. पण त्या वेळी आजींचा चष्मा नेहमीच दुसऱ्या खोलीत असे. २०२२ साली मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे या प्रश्नावर राज्यभर जे रण माजले, त्यात या आजींची साक्ष कोणीच काढली नाही.

वाइन चाखण्याचा विधी जेथे रीतसर चालतो, त्या दालनात एकदा बसून पाहण्यासारखे असते. बाहेर वेलींच्या रांगा, आत थंडगार हवा, पांढरा कागद अंथरलेल्या मेजावर पाच-सहा पेले ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात दोन घोटांहून अधिक ऐवज नाही. निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलेला एक तरतरीत तरुण पुढे उभा राहून समजावून सांगत होता. शेजारच्या मेजावरील वयस्क गृहस्थांनी पेल्याच्या तळाकडे पाहून "हे तीर्थ आहे का रे?" असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तो तोंडाशी नेला.

"काका, अजून नाही," तो तरुण अजिजीने म्हणाला. "आधी बघायचं, मग फिरवायचं, मग वास घ्यायचा, आणि मग घोट."

"म्हणजे पोहोचेपर्यंत उतारा लागायचा," काका पुटपुटले. पण पेला खाली आला.

पाहण्याच्या पायरीत पेला कागदावर तिरपा धरून रसाच्या काठाचा रंग न्याहाळतात. तरुण तांबडी वाइन काठाशी जांभळट असते, म्हातारी विटकरी. वय होईल तशी तांबडी फिकी पडत जाते आणि पांढरी गडद होत जाते. फिरविण्याच्या पायरीत पेल्याच्या आतल्या अंगावरून रसाचे बारीक ओघळ संथपणे उतरू लागतात, आणि ते पाहून नवशिक्या मंडळींत 'काय माल आहे' अशी कुजबुज होते. वास्तविक मद्यार्क पाण्याहून लवकर उडतो व त्यामुळे रसाच्या पृष्ठभागावरील ताण जागोजाग बदलतो, एवढाच त्या ओघळांचा अर्थ. जेम्स टॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने १८५५ सालीच त्याचा उलगडा करून ठेवला आहे. ओघळांवरून मद्यार्काचा अदमास येतो, मालाच्या प्रतीचा नाही. पण शास्त्रज्ञाचे म्हणणे ऐकले तर कुजबुज करण्यासारखे फारसे उरत नाही, म्हणून ते कोणी ऐकत नाही.

वासाच्या पायरीवर मात्र काकूंनी सूत्रे हाती घेतली. पदर सावरून त्यांनी पेल्यात नाक घातले, क्षणभर डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "अहो, याला आमसुलं भिजत घातल्यासारखा वास येतोय. आणि मागून थोडी मिरी."

"मिरी अगदी बरोबर, काकू," तरुण खूश होऊन हातातला तक्ता पाहू लागला. "शिराझला मिरीच येते. पहिल्या वासाला मात्र इथे चेरी लिहिलंय."

"चेरी मी केकवरची तेवढी खाल्लीय बाबा. तिला कुठे वास असतो?"

काकूंच्या या प्रश्नाला तक्त्यात उत्तर नव्हते. आमच्याकडच्या बेकऱ्यांत केकच्या माथ्यावर जी चेरी विराजमान झालेली असते, ती बहुतकरून साखरेच्या पाकात मुरवून रंगविलेले करवंद असते. म्हणजे चेरी म्हणून आम्ही आजवर जिचा आदर केला, ती आमच्याच डोंगरातली डोंगरची मैना होती, आणि वाइनच्या पेल्यात जिचा वास घ्यावयाचा, तिची व आमची कधी गाठच पडलेली नाही. हीच गत काळ्या करंटाची, हीच रासबेरीची. नाशिकच्या वेलीवर वाढलेल्या, नाशिकच्या मातीत रुजलेल्या द्राक्षाच्या अंगी इंग्लंडच्या परसातली फळे शोधावयाची, आणि ती सापडली नाहीत तर दोष आपल्या नाकाला द्यावयाचा, या व्यवस्थेत काकूंचे आमसूल हा मला त्या दिवशीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा वाटला.

वासांची अधिकृत मोजदाद कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात अ‍ॅन नोबल या विदुषींनी केली, आणि १९८४ साली त्यांचे प्रसिद्ध गंधचक्र तयार झाले. त्यात फुले आहेत, फळे आहेत, मसाले आहेत. तसाच ओला कुत्रा आहे, घोडा आहे, घाम आहे आणि रॉकेलही आहे. जुन्या रीसलिंगला रॉकेलची झाक असते, आणि जर्मनीतले जाणकार तिचे कौतुक करतात. हातात डबा आणि खिशात शिधापत्रिका घेऊन रॉकेलच्या रांगेत ज्यांचे तारुण्य गेले, त्या आमच्या पिढीला हा वास ओळखण्यासाठी कोणत्याही वर्गात नाव घालण्याची गरज नाही; अडचण एवढीच की, तो आलाच तर वाढणाऱ्याची तारीफ करावयाची, ही शिस्त आमच्या अंगवळणी पडलेली नाही.

भुरक्याचे प्रकरण त्याहून सुखाचे. घोट तोंडात घेतल्यावर ओठांच्या फटीतून हवा आत ओढून सपसप आवाज करावयाचा असतो, कारण त्यायोगे रसाची वाफ घशामागच्या वाटेने नाकात चढते, आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा हिस्सा नाकाच्याच जमाखर्चात पडतो. लहानपणी कढीचा भुरका मारला म्हणून भर पंक्तीत ज्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले गेले, त्यांनी आता शास्त्राच्या आधारे दाद मागावयास हरकत नाही. त्यानंतर तो घोट गिळावयाचा नाही; जवळच ठेवलेल्या तस्तात टाकावयाचा. तोंडात घेऊन घशाखाली न उतरविलेले मद्य हे प्राशन होय की नव्हे, आणि त्याने आरोग्याचे जतन होते की नाही, हा मुद्दा अद्याप कोणा अंमलदारापुढे निघाल्याचे ऐकिवात नाही. काकांनी मात्र त्याचा फैसला आपल्यापुरता तात्काळ केला. तस्त त्यांनी हाताने हलकेच दूर सारले.

चाखून झाल्यावर जे टिपण लिहितात, त्याचा थाट हुबेहूब पोलिसी पंचनाम्याचा असतो. समक्ष पाहणी केली असता रंग माणकाप्रमाणे गडद, काठावर जांभळट छटा. वास घेतला असता जांभूळ, काळी मिरी, चामडे व तंबाखू मिळून आले. मुद्देमाल चवीस तुरट, परिणाम दीर्घकाळ टिकणारा. येणेप्रमाणे पंचनामा खरा व बरोबर. फरक इतकाच की, पंचनाम्याखाली दोन पंचांच्या सह्या लागतात, आणि वाइनच्या बाबतीत दोन पंच एका मताचे मिळणे दुरापास्त. दोन कशाला, एकाच पंचाचे स्वतःशी एकमत होणेही कठीण असते. कॅलिफोर्नियातील राज्यस्तरीय स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या गृहस्थांनी परीक्षकांपुढे एकाच बाटलीतील वाइन तीन निरनिराळ्या वेळी, ती एकच आहे याचा पत्ता लागू न देता, ठेवविली. तीनही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक सुमारे दहांत एक निघाले. २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि परीक्षक पूर्ववत गुण देत राहिले.

बोर्दोच्या विद्यापीठातील प्रयोग त्याहून खट्याळ. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली, आणि तीच वाइन बिनवासाचा तांबडा रंग घालून पुन्हा ठेवली. विद्यार्थ्यांनी दुसरीच्या वर्णनात तांबड्या वाइनची सारी विशेषणे उदारहस्ते खर्च केली. तत्पूर्वी २४ मे १९७६ रोजी खुद्द पॅरिसात स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज विक्रेत्याने नऊ मातब्बर फ्रेंच परीक्षकांस नावे झाकून फ्रान्सच्या व कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखावयास दिल्या होत्या. एका परीक्षकांनी पांढऱ्या वाइनचा घोट घेऊन, आता कुठे आपण फ्रान्सात परतलो, असा समाधानाचा उद्गार काढला. वाइन कॅलिफोर्नियाची होती. निकालात तांबड्यांत आणि पांढऱ्यांत, दोहोंतही कॅलिफोर्निया पहिली आली, तेव्हा एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. ती त्यांना मिळाली नाही.

या हकिकती ऐकून वाइन चाखणे हे निव्वळ थोतांड होय असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यापैकी नव्हे. जिभेच्या आधी डोळ्याची आणि डोळ्याच्याही आधी किमतीच्या चिठ्ठीची जबानी होते, आणि मागाहून आलेली गरीब जीभ पुढच्या दोघांचे ऐकून आपली साक्ष फिरविते, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. ज्या घरांत सोवळ्यातला नैवेद्य शिजतो, तेथे तर जिभेची साक्ष मुळातच वर्ज्य असते. देवाच्या आधी चाखावयाचे नाही, म्हणून आमटीचे मीठ केवळ तिच्या वाफेवरून ओळखणाऱ्या आणि त्यात कणभर चूक न करणाऱ्या बायका आमच्या पाहण्यात आहेत. घोट तोंडात घेऊन थुंकणाऱ्या तज्ज्ञाचा जो संयम वाखाणला जातो, त्याच्या पलीकडची ही पायरी. मात्र तीबद्दल कोणी पदक दिल्याचे स्मरत नाही. भात कोठे कमी शिजला, एवढीच टीका तिच्या वाट्याला यावयाची.

आता राहिला भोजनाशी जोड घालण्याचा प्रश्न. मासळीबरोबर पांढरी आणि मटणाबरोबर तांबडी, हा त्यातला मूळ हुकूम. १९६३ सालच्या बाँडपटात आगगाडीत माशाबरोबर तांबडी मागविणारा इसम शत्रूचा हस्तक निघाला, इतकी त्याची जरब. पण हा हुकूम निव्वळ दस्तुरापोटी निघालेला नाही. तांबडीतला तुरटपणा मांसातील स्निग्धांशाशी व प्रथिनांशी झटून स्वतः सौम्य होतो. माशापाशी त्याला झटावयास तितके काही सापडत नाही. शिवाय जपानातील संशोधकांनी २००९ साली असे दाखविले की, वाइनमधील लोहाचा अंश जितका अधिक, तितका मासळीबरोबर घेताना उग्र हिंवसपणा अधिक, आणि हे लोह तांबडीत पुष्कळदा जास्त असते. पांढरीतला आंबटपणा मात्र माशाची चरबी कापतो आणि तोंड स्वच्छ करून पुढल्या घासाला जागा देतो. कोकणातल्या माणसाला हे सांगितले, तर तो विचारील की, मग सोलकढी दुसरे काय करते? आमसुलाचा आंबटपणा, नारळाच्या दुधाची शीतलता, लसणीची चुरचुर, आणि वर परवाना लागत नाही.

खरी अडचण आमच्या ताटाची आहे. एकोणिसाव्या शतकात पदार्थ एकामागून एक आणून वाढण्याची रशियन रीत युरोपात रूढ झाली, आणि प्रत्येक पदार्थासाठी निराळी वाइन निवडण्याच्या या शास्त्राला मोकळे रान मिळाले. आमच्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, लोणचे, चटणी व कोशिंबीर, उजवीकडे भाज्या व आमटी, मध्ये वरणभाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार, अशी सहाही रसांची मंडळी एकाच वेळी हजर होतात, आणि जेवणारा कोणत्या घासाला काय लावील याचा अंदाज खुद्द वाढणाऱ्यालाही नसतो. तेथे कोणत्या वाइनने कोणाच्या शेजारी बसावे? कोल्हापूरकरांनी तर तांबड्या-पांढऱ्याचा हा वाद आपल्या पद्धतीने केव्हाच मिटविला. दोन्ही रस्से एकदमच वाढावयाचे, आणि आधी कोणता, असे विचारणाऱ्याकडे कीव करून पाहावयाचे.

तरीही विद्वानांच्या सोयीसाठी एक मसुदा करून ठेवतो. कलम पहिले: तांबडी खोलीच्या तापमानात द्यावी असे जे ग्रंथांत म्हटले आहे, तेथे खोली म्हणजे युरोपातील जुन्या दगडी घराची, सोळा ते अठरा अंशांची समजावी, वैशाखातल्या चंद्रपूरची समजू नये. कलम दुसरे: तांबड्या रश्शाशी जहाल, तुरट तांबडी नेऊ नये, कारण मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही मिरचीचा भडका वाढवितात, तेथे गार केलेली, किंचित गोड शेनिन ब्लां द्यावी, आणि ही गोष्ट कोल्हापूरकरास समजावून सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. कलम तिसरे: झुणका, भाकरी व ठेचा यांच्या वाटेस कोणत्याही वाइनने जाऊ नये; तेथे फोडलेला कांदा पिढ्यान् पिढ्या तैनातीला आहे, आणि त्याच्याविरुद्ध कसलीही तक्रार दप्तरी नोंदलेली नाही. कलम चौथे: गोडाबरोबरची वाइन त्या गोडाहून अधिक गोड असावी, नाहीतर ती आंबट लागते, असा नियम असल्यामुळे पुरणपोळीपुढे सर्व देशांच्या सर्व वाइन निरुत्तर समजाव्यात, तिच्याबरोबर तूप वाढावे, कटाची आमटी द्यावी, आणि या कलमावर अपील चालणार नाही.